आधुनिक इंजिन आणि रस्त्यावरचं खरं ॲव्हरेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज रस्त्यावर का मिळत नाही?

कारण तो आकडा रस्त्यावर काढलेलाच नसतो. गाडी रोलरवर चढवतात, हवेचा आणि टायरचा विरोध त्या रोलरवर आधीच सेट केलेला असतो आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी ११८० सेकंदांची आणि जेमतेम ११ किमीची होती. सरासरी वेग ताशी ३४ किमीच्या आसपास, आणि वेग इतका सावकाश वाढवायचा की रस्त्यावर तसं चालवलं तर मागचा हॉर्न सोडणार नाही. २०१७ पासून तिच्या जागी डब्ल्यूएलटीपी आली: ३० मिनिटं, सुमारे २३ किमी, कमाल वेग १३१. आकडे थोडे जमिनीवर आले, पण या चाचणीतही एसी बंद, चढ शून्य आणि समोरून वारा नाही.

किती फरक पडतो याचा अंदाज आता नेमका आहे. युरोपात नव्या गाड्यांमध्ये इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांमधून युरोपीय आयोगाने ती माहिती गोळा केली, तेव्हा पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचा खरा खप डब्ल्यूएलटीपीपेक्षा सरासरी २० टक्के जास्त निघाला. प्लग-इन हायब्रिडचा तर साडेतीन पट, कारण चार्जिंगवर जितकी चालेल असं गृहीत धरलं होतं तितकी ती चालवलीच जात नाही.

अमेरिकेतल्या ईपीएच्या (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या) आकड्यावर तुलनेने जास्त विश्वास ठेवता येतो. २००८ च्या मॉडेलवर्षापासून त्यांच्या पद्धतीत जास्त वेगाची, ३५ अंशांत एसी लावून केलेली आणि उणे ७ अंशांतल्या थंड इंजिनाची अशा तीन चाचण्यांचा हिशेब धरला जातो. डब्ल्यूएलटीपीचा आकडा हाती असेल तर किमी प्रति लिटरला १.२ ने भागा आणि तिथून पुढे अपेक्षा ठेवा.

म्हणजे आधुनिक इंजिनांचं तंत्र सगळं चाचणीपुरतंच?

नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. टोयोटाच्या २.५ लिटर डायनॅमिक फोर्स पेट्रोल इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता (इंधनाच्या ऊर्जेतला कामी येणारा वाटा) ४० टक्के आहे, हायब्रिडमध्ये ४१. पण हा आकडा मधल्या आरपीएमवर आणि बऱ्यापैकी लोडवर, एका छोट्या पट्ट्यातच मिळतो. गर्दीत रांगताना थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळपास बंद असतो. पिस्टनला हवा ओढायला झगडावं लागतं, आतलं घर्षण मात्र तेवढंच राहतं, आणि त्याच इंजिनाची कार्यक्षमता निम्म्याखाली घसरते.

गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक सुधारणांचा, म्हणजे छोटा टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा), व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणं), मिलर सायकल (मिश्रण कमी दाबून जास्त प्रसरण पावू देणं), सिलिंडर बंद ठेवणं, थंड केलेला ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत आत घेणं) यांचा रोख हा पट्टा हलक्या लोडकडे रुंद करण्यावर आहे. त्यामुळे हलक्या पायाने चालवणाऱ्याला नव्या इंजिनाचा फायदा खरोखर मिळतो. पाय दाबून चालवणाऱ्याच्या हाती मात्र जुन्या इंजिनाइतकंच ॲव्हरेज येतं, कधीकधी कमीही.

१.० लिटर टर्बो घ्यावं की १.५ लिटर साधं इंजिन?

याचं उत्तर गाडीचं वजन आणि तुमचा रस्ता देतो, ब्रोशर देत नाही.

छोट्या टर्बो इंजिनात घर्षण कमी आणि थ्रॉटल जास्त उघडा असतो, म्हणून सपाट रस्त्यावर ८० ते ९० च्या वेगाने एकदोन माणसं घेऊन जाताना ते बाजी मारतं. चढ आला, गाडी भरली किंवा वेग १२० वर टिकवला की टर्बोला दाब वाढवावा लागतो. मग दोन गोष्टी घडतात. एक, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारी ठकठक) टाळण्यासाठी ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्पार्क उशिरा देतो, त्यामुळे ज्वलनाची बरीचशी उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधून निघून जाते. दोन, ही वाढलेली उष्णता टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर साफ करणाऱ्या भागाला) झेपावी म्हणून ईसीयू जादा पेट्रोल फवारतो. पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७:१. ते १२:१ वर आलं तर तेवढ्याच हवेत सुमारे २२ टक्के जास्त पेट्रोल जातं, आणि त्यातला बहुतेक भाग ताकद न देता फक्त थंडावा देऊन बाहेर पडतो.

नव्या पिढीच्या इंजिनांत हे बरंच आवरलेलं आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच घेऊन कूलंटने थंड करतात, टर्बाइनला जास्त तापमान सोसणारा धातू वापरतात, मिलर सायकलने नॉकिंग कमी करतात. निसानचं व्हीसी-टर्बो तर कॉम्प्रेशन रेशोच (मिश्रण किती पट दाबायचं ते प्रमाण) ८:१ ते १४:१ असा बदलतं. माझदाने उलट वाट धरली: टर्बो न लावता १४:१ पर्यंतचं कॉम्प्रेशन.

आमचं मत स्पष्ट आहे. १३०० किलोच्या वरच्या एसयूव्हीत तीन सिलिंडरचं १.० लिटर, आणि गाडी नेहमी भरलेली किंवा घाटातली, ही जोडी जुळत नाही. तेच इंजिन हजार किलोच्या हॅचबॅकमध्ये मात्र उत्तम.

टर्बो पेट्रोल चालवताना गियर कधी बदलावा?

सपाटीवर साधारण २००० ते २३०० आरपीएमला वरचा गियर टाकावा. पेडल अर्ध्यापेक्षा थोडं जास्त दाबून पटकन वेग घ्यायचा आणि मग वरच्या गियरमध्ये स्थिर राहायचं. खालच्या गियरमध्ये अर्धवट पेडलवर रेंगाळत वेग घेण्यापेक्षा यात इंधन कमी लागतं, कारण इंजिन त्याच्या चांगल्या पट्ट्यात काम करतं.

पण १५०० आरपीएमच्या खाली पेडल पूर्ण दाबू नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, म्हणजे जीडीआय) टर्बो इंजिनांत अशा वेळी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. याला एलएसपीआय म्हणतात, आणि त्यात पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली धातूची कडा) फुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा यात हात असल्याने एपीआय या अमेरिकी संस्थेची एसएन प्लस आणि २०२० पासूनचं एसपी ही ऑइलची प्रमाणं आली. टर्बो जीडीआय गाडीत एपीआय एसपी किंवा त्यापुढच्या प्रमाणाचं ऑइलच घाला.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये कार्बन का साठतो? त्याने ॲव्हरेज पडतं का?

पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहतं आणि ती धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या पाठीवर फक्त ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) आलेली ऑइलची वाफ बसते आणि भाजून घट्ट होते. थंड इंजिन सुरू करताना मिसफायर, आयडलिंगला थरथर, वरच्या आरपीएमला गाडी न ओढणं अशी लक्षणं दिसतात. ॲव्हरेज त्यामानाने उशिरा पडतं.

टाकीत ओतायचं क्लीनर इंजेक्टर साफ करतं, व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत ते पोहोचतच नाही. खात्रीचा उपाय म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड उतरवून, ज्या सिलिंडरचं काम चालू आहे त्याचे व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणून, अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने ब्लास्टिंग करणं. दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असलेल्या इंजिनांत (टोयोटाचं डी-४एस हे त्यातलं एक) ही कटकट जवळपास नसते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ॲव्हरेज किती कमी होतं?

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून ई१० मध्ये ३ ते ३.५ टक्के आणि ई२० मध्ये ६ ते ७ टक्के घट हिशेबाने येते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने ज्या इंजिनाचं ट्यूनिंग त्यानुसार केलेलं आहे ते स्पार्क लवकर देऊन यातलं थोडं भरून काढतं. शुद्ध पेट्रोलवरून ई२० वर आल्यावर ॲव्हरेज २० टक्के पडलं असेल, तर दोष इंधनाच्या माथी मारू नका. टायर, ब्रेक आणि सेन्सर तपासा.

प्रीमियम, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर?

मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन लिहिलं असेल आणि इंजिन साधं असेल तर ९५ घालून काही हाती लागत नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सोसण्याची क्षमता, ऊर्जा नव्हे. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात, भर उन्हात आणि भरल्या गाडीने चढ चढताना फरक जाणवू शकतो, कारण तेव्हा ईसीयूला स्पार्क मागे घ्यावा लागत नाही.

ॲव्हरेज अचूक कसं मोजायचं?

टाकी फुल ते टाकी फुल. दुसरी कुठलीही पद्धत अंदाजपंचेच.

त्याच पंपावर, त्याच नोझलवर आणि गाडी त्याच उतारावर उभी राहील अशी जागा निवडा. पहिल्या ऑटो कटला थांबा. "राऊंड फिगर करू का" याला नाही म्हणा, कारण कटनंतर किती पेट्रोल आत गेलं ते दर वेळी बदलतं. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी निम्म्याहून जास्त रिकामी झाल्यावर पुन्हा तसंच भरा आणि किमीला लिटरने भागा. ४० लिटर भरताना एक लिटर इकडेतिकडे झालं तर चूक अडीच टक्के, १० लिटर भरताना दहा टक्के. म्हणून थोडंथोडं पेट्रोल घालून काढलेल्या आकड्यावर वाद घालू नये. सलग तीन टाक्यांचे एकूण किमी भागिले एकूण लिटर, हा आकडा भरवशाचा.

ओडोमीटरही तपासून घ्या. सरळ महामार्गावर ५० किमीच्या अंतरात जीपीएसशी त्याचा ताळा पाहा. २०५/५५ आर१६ टायरचा व्यास नवा असताना सुमारे ६३२ मिमी असतो. ८ मिमीचा ट्रेड झिजून २ मिमी झाला की व्यास १२ मिमीने घटतो आणि ओडोमीटर जवळपास २ टक्के जास्त किमी दाखवतो. टायर बदलल्यावर "ॲव्हरेज पडलं" असं वाटतं, त्यातला एक हिस्सा हाच.

डॅशबोर्डवरचा आकडा नेहमी जास्त का दिसतो?

गाडी इंधन मोजत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा होता आणि दाब किती होता त्यावरून ती हिशेब लावते. त्यात वर सांगितलेली ओडोमीटरची चूक मिसळते. ठरावीक गाडीत ही तफावत बहुधा एकाच बाजूची आणि सारखीच असते, त्यामुळे चार-पाच टाक्यांवरून तुमच्या गाडीचा गुणक काढून ठेवा.

शहरात १०, हायवेला २०, म्हणजे सरासरी १५ ना?

नाही. १०० किमी शहरात गेले तर १० लिटर, १०० किमी हायवेला गेले तर ५ लिटर. २०० किमीला १५ लिटर, म्हणजे १३.३. याच कारणाने युरोपात १०० किमीला किती लिटर असं मोजतात. १० वरून १२ वर गेलात तर १०० किमीला १.६७ लिटर वाचतात, २० वरून २४ वर गेलात तर फक्त ०.८३. टक्केवारी दोन्हीकडे तीच. म्हणून पेट्रोल पिणाऱ्या गाडीतली छोटी सुधारणा जास्त मोलाची.

हायवेला कोणत्या वेगाने जावं?

१२०० किलो वजन, ड्रॅग गुणांक ०.३०, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर अशी मध्यम गाडी धरा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना हिशेब असा येतो:

८० च्या वेगाला एकूण विरोध सुमारे ३१५ न्यूटन
१०० ला सुमारे ४२५ न्यूटन
१२० ला सुमारे ५६० न्यूटन

यातला टायरचा वाटा जवळजवळ स्थिर, ११८ न्यूटनच्या आसपास. बाकी सगळी हवा, आणि तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ला लागणारी ताकद फक्त १६ अश्वशक्ती, १२० ला २५. शंभर अश्वशक्तीची गाडी बहुतेक वेळ तिच्या ताकदीचा पाचवा-सहावा हिस्सा वापरत असते, हे अनेकांना पटत नाही.

१०० वरून १२० वर गेलात तर त्याच अंतराला चाकांशी जवळपास ३० टक्के जास्त ऊर्जा लागते. लोड वाढल्याने इंजिन थोडं जास्त कार्यक्षम होतं, म्हणून पेट्रोल तितकं वाढत नाही. २० ते २५ टक्के धरून चाला. १०० किमीच्या प्रवासात वाचतात १० मिनिटं. छतावर कॅरियर किंवा बॉक्स असेल तर हे गणित आणखी बिघडतं. रिकामा कॅरियर वर ठेवून फिरण्यात काहीच अर्थ नाही.

एसी लावावा की खिडक्या उघडाव्यात?

शहरात ४०-५० च्या खाली खिडक्या, त्यावर एसी. गर्दीत उभं असताना एसीचा फटका टक्केवारीत सगळ्यात मोठा बसतो, कारण तेव्हा इंजिन दुसरं काहीच काम करत नसतं. उन्हात तापलेली गाडी आधी दोन मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून चालवा, मग एसी रिसर्क्युलेशनवर लावा. कॉम्प्रेसरचं काम बरंच हलकं होतं.

उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचतं का?

उलट खर्च होतं. गियरमध्ये ठेवून पेडल सोडलं की साधारण १२०० ते १५०० आरपीएमच्या वर ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात आणि खप शून्य होतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला आयडलिंगसाठी इंधन लागतंच. शिवाय इंजिन ब्रेकिंग नाहीसं होतं आणि घाटात ब्रेक तापतात. कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय सोडून द्यावी.

रोज पाच किमीच चालवतो, ॲव्हरेज फारच कमी येतं. गाडीत बिघाड आहे का?

बहुधा नाही. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, मिश्रण जास्त पेट्रोलचं असतं आणि कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठी स्पार्क मुद्दाम उशिरा दिला जातो. कूलंट काही किमीत तापतं, पण ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणजे तुमचा जवळजवळ सगळा प्रवास गाडीच्या सगळ्यात वाईट टप्प्यात होतो. उभ्या उभ्या इंजिन गरम करू नका, सुरू करून अर्ध्या मिनिटात हळू निघा.

मात्र वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह आवरणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०१२८ कोड येतो. कूलंट ८५ ते ९५ अंशांपर्यंत पोहोचलंच पाहिजे. हा स्वस्त भाग वर्षानुवर्षं पेट्रोल खात राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण गाडी चालायला तर छान असते.

ॲव्हरेज अचानक पडलं. कोणत्या क्रमाने तपासावं?

आधी फुकटातलं. गाडी थंड असताना टायरमधली हवा तपासा. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर असेल तेवढीच भरा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. चारही टायरमध्ये ५ पीएसआय कमी असेल तर साधारण एक टक्का फरक पडतो, म्हणजे एवढ्याने मोठी घट समजत नाही.

मग ब्रेक. दहा किमी चालवून, शेवटी ब्रेक फारसा न लावता गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, डिस्कला हात लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर ब्रेक घासतोय. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून खात्री करा. बहुतेक वेळा कॅलिपरच्या स्लाइड पिन कोरड्या पडलेल्या असतात किंवा हँडब्रेकची केबल अडकलेली असते. टायरच्या कडा करवतीसारख्या झिजल्या असतील तर अलाइनमेंटमधला टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडला आहे.

त्यानंतर ओबीडी स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतो ते) वाचा. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर ठीक. आयडलिंगला अधिक १५ आणि २५०० आरपीएमला अधिक ३ दिसत असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा आत येते: व्हॅक्यूम होज, इनटेक गॅस्केट, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ इनटेककडे नेणारा) पाहा. आयडलिंगला ठीक आणि लोडवर वाढत असेल तर फ्युएल पंप, फ्युएल फिल्टर किंवा मळलेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर. ट्रिम उणे १० च्या पलीकडे असेल तर गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) किंवा ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल.

एक बारकावा: ट्रिम म्हणजे ईसीयूने केलेली दुरुस्ती. अधिक ट्रिम दिसली म्हणून पेट्रोल तेवढंच जास्त जळतंय असं नव्हे. खरा खप वाढवतात ते खोटं सांगणारे सेन्सर, म्हणजे इंजिन गरम असूनही थंड दाखवणारा कूलंट सेन्सर आणि म्हातारा झालेला ऑक्सिजन सेन्सर.

एअर फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढतं?

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत जवळजवळ नाही. फिल्टर तुंबला तर हवा कमी येते आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही कमी देतो. पिकअप मरतो. फिल्टर वेळेवर बदला, पण इंजिन वाचवण्यासाठी.

५डब्ल्यू-३० इंजिन ऑइलच्या जागी पातळ ०डब्ल्यू-२० घालू का?

मॅन्युअलमध्ये दोन्ही दिलं असेल तरच. फायदा एक-दोन टक्क्यांचा, तोही थंड इंजिनात जास्त. ज्या बेअरिंगची रचना जाड ऑइलसाठी केली आहे तिथे पातळ ऑइल घालून एवढीशी बचत करणं परवडत नाही.

डिझेल आजही जास्त देतं का?

हो. थ्रॉटलची अडचण नाही, कॉम्प्रेशन जास्त, आणि लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलपेक्षा १० ते १२ टक्के जास्त. भरलेली गाडी आणि लांबचा प्रवास यात त्याला तोड नाही.

अडचण डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची आहे. साठलेली काजळी जाळायला फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो, आणि त्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. आयडलिंग थोडं चढलेलं, पंखा जोरात, स्टार्ट-स्टॉप बंद आणि खप अचानक वाढलेला दिसला तर रीजनरेशन (काजळी जाळण्याचं हे काम) चालू आहे असं समजा आणि गाडी बंद करू नका. दर वेळी मध्येच बंद केलीत तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ऑइल लगेच बदला.

हायब्रिड हायवेला का चमकत नाही?

कारण तिची जादू शहरात आहे. हलक्या लोडवर इंजिन बंद ठेवणं आणि ब्रेक लावताना ऊर्जा परत घेणं, या दोन्ही संधी स्थिर १०० च्या वेगाला मिळत नाहीत. तिथे उरतो तो ॲटकिन्सन सायकलचा (मिलरसारखंच, कमी दाबून जास्त प्रसरण) फायदा. रोजचा प्रवास गर्दीतला असेल तर हायब्रिडइतकं उपयोगी पेट्रोल तंत्र सध्या दुसरं नाही.

पाइपला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, एचएचओ (पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणारं) किट?

पैसे वाया. आधुनिक इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त पेट्रोल आधीच जळतं. "पूर्ण ज्वलन" करून वाचवण्याजोगं काही शिल्लकच नाही. नासाडी होते ती उष्णतेची, आणि ती रेडिएटर व सायलेन्सरमधून जाते. तिथे चुंबकाचा काही इलाज चालत नाही.